रेघेपर्यंत भरलेली नळी

माझ्या सासूबाईंच्या छातीतून टिकटिक ऐकू येते. पंखा बंद असला, रस्त्यावर गाड्या कमी असल्या आणि त्या शेजारी बसलेल्या असल्या की अगदी स्पष्ट येते. लहानपणी आलेल्या तापाने त्यांच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. ती काढून तिथे कृत्रिम झडप बसवली, ती माझ्या लग्नाच्या बरीच वर्षं आधी. मी पहिल्यांदा गिरगावातल्या त्यांच्या घरी गेले तेव्हा पोहे खाता खाता मला वाटलं, यांचं घड्याळ जरा मोठ्यानेच वाजतंय. त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. माझी नजर बघून त्याच म्हणाल्या, "माझा व्हॉल्व्ह आहे तो. होईल सवय."

सवय झाली. त्यांच्या शिस्तीची सवय व्हायला मात्र जास्त दिवस लागले. त्या परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या, पुढे सिस्टर-इन-चार्ज म्हणून निवृत्त झाल्या. चादरीचे कोपरे त्या अजून हॉस्पिटलसारखे दुमडतात. आणि स्वतःच्या औषधाच्या बाबतीत तर त्या स्वतःच्याच पेशंट आहेत, आणि स्वतःच्याच सिस्टर.

कृत्रिम झडपेवर रक्त गोठायला बघतं. म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते, जन्मभर. ही गोळी जुनी आणि भरवशाची आहे, पण नखरेल आहे. कमी पडली तर गाठ होण्याची भीती, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. पालेभाजीने तिचा जोर कमी होतो, काही साध्या औषधांनी वाढतो. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं आणि आकडा बघून डोस ठरवायचा. सासूबाईंनी पालेभाजी सोडली नाही, तिचे वार ठरवले. मंगळवार आणि शुक्रवार, एकेक वाटी. नवीन लग्न झालेलं असताना मी एकदा कौतुकाने म्हटलं, "आई, आज मेथी किती छान मिळाली बघा."

"छान असू दे," त्या म्हणाल्या, "आज सोमवार आहे."

मी स्वतः डिलाईल रोडच्या चाळीतली. वडील गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर एका शाळेत शिपाई म्हणून लागले. मला रसायनशास्त्र आवडायचं म्हणून एम.एस्सी. केलं आणि मग दादरला एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना तेच शास्त्र बारा वर्षं शिकवलं. दर वर्षी तोच फळा, त्याच शंका. कंटाळा आला होता असं म्हणणार नाही, पण कुठल्या वाक्याला मुलं हसणार हे मला आधीच ठाऊक असायचं.

त्या काळात सासूबाईंची एक दाढ काढावी लागली. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, रक्ताचा आकडा बघून, सगळं रीतसर केलं होतं. तरी दुपारी घरी आल्यावर रक्त थांबेना. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, दातांत कापसाची घडी दाबून. बोलता येत नव्हतं म्हणून बोटाने सांगायच्या, आता घडी बदल. मी बदलायची. प्रत्येक घडी लाल. दोनदा डेंटिस्टला फोन झाला. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास घडी गुलाबी निघाली, मग जवळजवळ पांढरी. तेव्हा कुठे त्या बोलल्या. पहिलं वाक्य होतं, "भात टाकलास का?"

नंतर मी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं की हल्ली नव्या गोळ्या आल्यात म्हणे, ज्यांना दर महिन्याची तपासणी लागत नाही. ते म्हणाले, आल्यात, पण अशी झडप असलेल्यांना त्या देत नाहीत. यांना जुनीच बरी. हे उत्तर माझ्या डोक्यात राहून गेलं. काही महिन्यांनी परळच्या एका संशोधन संस्थेची जाहिरात दिसली. रक्ताच्या गाठी रोखणारं नवं औषध कॉम्प्युटरच्या मदतीने शोधायचं होतं आणि त्यासाठी रसायनशास्त्र जाणणारा सहायक हवा होता. मी एकोणचाळीस वर्षांची होते. अर्ज केला तो घरात कुणाला न सांगता.

मुलाखत घेणाऱ्या मॅडम माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान होत्या. त्यांनी विचारलं, "प्रोग्रामिंग येतं?"

"नाही. शिकेन."

"किती दिवसांत?"

"मुलांना मी महिन्याभरात अख्खा धडा शिकवते," मी म्हटलं, "मला दोन महिने द्या."

तीन लागले. पण त्यांनी ठेवून घेतलं.

काम काय आहे ते मी सासूबाईंना स्वयंपाकघरात समजावलं. त्या गवार मोडत होत्या. मी सांगितलं की रक्त गोठतं तेव्हा बरीच प्रथिनं एकामागून एक जागी होतात, एक दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला. त्यांना नंबर आहेत.

"ते मला शिकवू नकोस," त्या म्हणाल्या. "तुझा नंबर कुठला?"

"अकरा."

त्यांचे हात थांबले. "अकरा कमी असलेला एक पेशंट होता आमच्याकडे. हर्नियाच्या ऑपरेशनच्या आधी कळलं. एरवी त्याला काही त्रास नव्हता."

हेच तर आमच्या कामाचं मूळ होतं. अकरावं प्रथिन जन्मतः कमी असलेली माणसं आपोआप फारशी रक्तबंबाळ होत नाहीत, आणि त्यांच्या शिरांमध्ये गाठीही कमी होतात. म्हणजे एखाद्या औषधाने फक्त अकराला गप्प बसवलं तर गाठ टळेल आणि जखमेचं रक्तही थांबेल, अशी आशा. जगात बरेच लोक याच्या मागे लागलेत, आमचा एक छोटा गट.

त्या प्रथिनाला एक खाच आहे. तिचा आकार माहीत आहे, स्क्रीनवर फिरवून बघता येतो. कॉम्प्युटरमध्ये लाखो रेणूंची यादी असते. मशीन एकेक रेणू त्या खाचेत बसवून बघतं, उलटा, सुलटा, तिरका, आणि कुठला किती चपखल बसतो त्याचे गुण देतं. "हिंदमाताला आपण साडी घेऊन ब्लाउजपीस मॅच करायला जातो ना," मी म्हटलं, "तसं. फक्त लाख ब्लाउजपीस."

"आणि धुतल्यावर रंग जाईल की नाही, ते कसं कळतं तुमच्या मशीनला?"

"ते नाही कळत. त्यासाठी खरा रेणू मागवून रक्तात टाकून बघायचा."

"मग तेवढं नीट करा," असं म्हणून त्यांनी गवारीची परात माझ्याकडे सरकवली.

पहिलं वर्ष मी स्क्रीनसमोर काढलं. मला ते काम फार आवडलं, हे सांगायला हवं. ती खाच मला आमच्या चाळीच्या जिन्यासारखी पाठ झाली. कुठे खोलगट आहे, कुठे काठावर ऋण भार आहे, कुठे एखादा जाडा रेणू अडकेल. यादीत वर आलेले शेकडो रेणू मी आणि मॅडमनी डोळ्यांखालून घातले. मशीनने चांगले गुण दिलेल्या कित्येकांकडे बघून मॅडम म्हणायच्या, "हा पाण्यात विरघळणारच नाही, काढ." शेवटी बारा निवडले आणि मागवले. काही आठवड्यांनी बारा लहान बाटल्या आल्या. तळाशी चिमूटभर पांढरी पूड. वर्षभर ज्यांना मी स्क्रीनवर रंगीत काड्यांच्या रूपात फिरवलं, ते प्रत्यक्षात पिठासारखे दिसत होते.

नुसत्या प्रथिनावर तपासलं तेव्हा नऊ बाद झाले. तीन थोडेफार चालले. त्यातला सात नंबरचा बरा होता. आता तो रक्तात बघायचा. रक्त म्हणजे खरं तर प्लाझ्मा, रक्त फिरवून लाल पेशी खाली बसल्या की वर राहतं ते पिवळसर पाणी. त्यात ठरावीक रसायनं घालून ते किती सेकंदांत गोठतं ते मशीन मोजतं.

हे काम आमच्या टेक्निशियनचं होतं. लालबागची, पंचविशीची, हाताने फार चलाख. आमच्या गटातलेच काही जण परवानगीच्या कागदावर सही करून रक्त द्यायचे. आधीच्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या प्लाझ्मावर औषधाशिवायची वेळ मोजून ठेवली होती. सात नंबर घालून बघायच्या दिवशी तो रजेवर, आणि त्याचा प्लाझ्मा संपलेला. मॅडम परिषदेसाठी बाहेरगावी गेल्या होत्या. मी म्हटलं, "माझं घे."

तिने डावा हात बघितला, सुई घातली. थोडं रक्त आलं आणि थांबलं. उजवा बघितला. तिथेही तेच. "ताई, तुमची शीर लपून बसते यार," ती म्हणाली. दोन्ही हातांच्या मिळून तीन नळ्या झाल्या, पण कुठलीच पूर्ण नाही. ती नळ्या उजेडात धरून बघत होती. "थोडं कमी वाटतंय. चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. ते मी म्हटलं, तिने नाही.

सात नंबर घातलेला माझा प्लाझ्मा गोठायला सहकाऱ्याच्या प्लाझ्माच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला. तिने पुन्हा केलं. तोच आकडा. तिने मला मिठी मारली. मी मॅडमना मेसेज पाठवला की सात नंबर चालला, अपेक्षेपेक्षा फार चांगला. त्यांचा अंगठा आला आणि मागोमाग, सोमवारी बघू. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लाखो रेणूंमधून शोधलेलं काहीतरी खऱ्या रक्तात चाललं, आणि ते रक्तही माझंच. येताना मी पाव किलो पेढे घेतले.

घरी शिरले, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि सगळं एका दमात सांगितलं. नवरा खूश झाला, त्याने लगेच एक पेढा तोंडात टाकला. सासूबाईंनी टाकला नाही. त्या माझ्या कोपरांकडे बघत होत्या. दोन्हीकडे कापसाचा बोळा आणि पट्टी.

"दोन्ही हात?" त्यांनी विचारलं. "शीर मिळाली नाही?"

"मिळाली. मध्येच रक्त यायचं थांबलं."

"निळ्या बुचाची नळी होती?"

"हो."

"मग रेघेपर्यंत भरली का?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी खुर्ची ओढली आणि मला समोर बसवलं, एखाद्या नव्या नर्सला बसवावं तसं.

"त्या नळीत आधीच थोडं द्रव असतं. रक्त नळीतच गोठू नये म्हणून. किती रक्ताला किती द्रव, याचं माप ठरलेलं. म्हणून रेघ मारलेली असते. रक्त कमी पडलं की द्रव जास्त होतं. मग ते रक्त औषध न घालताच उशिरा गोठतं. आमच्याकडे अशी नळी लॅबवाले परत पाठवायचे आणि मला वॉर्डात उभं राहून शिव्या खाव्या लागायच्या."

"पण दुप्पट वेळ लागला, आई."

"लागेल. तुझं नुसतं रक्त, औषधाशिवाय, मोजलंस का?"

नव्हतं मोजलं. मोजलं होतं ते सहकाऱ्याचं. ही चूक बारावीच्या मुलाने प्रयोगवहीत केली असती तर मी त्याला लाल शाईने गोल करून दिला असता. एका माणसाचं रक्त औषधाशिवाय आणि दुसऱ्याचं औषधासकट, आणि मी त्यांची तुलना करून पेढे घेऊन आले होते. माझा चेहरा बघून नवरा खायचा थांबला.

"पेढे टाकायचे नाहीत," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः एक घेतला. "उद्या मोजून बघ. कदाचित खरंही असेल."

खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या नळीतला माझा प्लाझ्मा सात नंबर न घालता मोजला. तोही तेवढाच उशिरा गोठला. मग रजेवरून आलेल्या सहकाऱ्याने रेघेपर्यंत नळ्या भरून दिल्या. त्यात सात नंबर घातल्यावर फरक पडला तो दोन-चार सेकंदांचा. टेक्निशियन रडवेली झाली. मी तिला सांगितलं की चालेल असं मी म्हटलं होतं, तसंच मॅडमनाही कळवलं. मेसेज लिहायला मला अर्धा तास लागला. मॅडमचं उत्तर आलं, "बरं झालं आत्ता कळलं. कुणी पकडलं?"

"सासूबाईंनी. नर्स होत्या."

"त्यांना माझा नमस्कार सांग. आणि एकदा घेऊन ये."

त्या रात्री मला झोप लागेल असं वाटलं नव्हतं, पण लागली. हरल्याचं दुःख होतं, आणि त्याच्या खाली काहीतरी हलकंही होतं. खोटी गोष्ट घेऊन वर्षभर पुढे गेले असते, ते टळलं होतं.

मॅडम परत आल्यावर आम्ही सात नंबर का घसरला ते शोधायला बसलो. मशीनने गुण दिले होते ते प्रथिन स्थिर धरून. खरं प्रथिन स्थिर नसतं, सारखं हलत असतं, श्वास घेतल्यासारखं. मॅडमनी मला ते हलतं ठेवून हिशेब करायला शिकवलं. सर्व्हरला एकेका रेणूसाठी दिवसच्या दिवस लागायचे. हलत्या खाचेत सात नंबर ठेवला तेव्हा स्क्रीनवर दिसलं की खाचेच्या काठावरची एक पट्टी बाहेर झुकते आणि सात नंबर अलगद सुटून जातो. मी ती छोटी फिल्म मोबाइलवर घेऊन सासूबाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितली. "पेशंट झोपलेला आहे असं समजून सलाइन लावायला जावं आणि त्याने कूस बदलावी, तसं झालं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांना या गोष्टीत रस वाटू लागला. मी घरी आले की चहा देताना विचारायच्या, "आजचा टिकला का?" बहुतेक वेळा उत्तर नाही असायचं. ते सहा-सात महिने मला आजही आनंदाने आठवतात. सकाळी बसने परळला जायचं, रात्रभर चाललेला हिशेब बघायचा, दुपारी टेक्निशियनबरोबर डबा खायचा. तिच्या डब्यात सुकटीची चटणी असली की माझी पोळीभाजी तशीच राहायची. संध्याकाळी घरी जाऊन सासूबाईंना हजेरी द्यायची.

मग एक रेणू टिकला. पहिल्या यादीत तो इतका खाली होता की आम्ही त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. खाचेत पाण्याचा एक रेणू नेहमी बसलेला असतो. पहिल्या वेळी हिशेब सोपा व्हावा म्हणून आम्ही पाणी काढून टाकलं होतं. हा गडी त्या पाण्यालाच धरून बसत होता. पट्टी झुकली, परत आली, हा जागेवर. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी उभ्या उभ्याच फिल्म बघितली, मग खुर्ची घेऊन पुन्हा बघितली, आणि म्हणाल्या, "मागव."

बाटली आली. नुसत्या प्रथिनावर तो सात नंबरच्या कितीतरी पुढे निघाला. प्लाझ्मावर बघायचा दिवस ठरला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता सासूबाईंना आण. त्यांच्यासमोरच करू."

त्या दिवशी त्यांनी कडक इस्त्रीची सुती साडी नेसली. परळला उतरल्यावर हॉस्पिटलच्या रस्त्याने चालताना त्यांची चाल बदललेली मला जाणवली, भराभर, रस्ता आपलाच असल्यासारखी. लॅबमध्ये टेक्निशियन त्यांच्या पाया पडली. "सिस्टर, तुम्हीच घ्या ना रक्त," ती म्हणाली.

"माझी नोंदणी केव्हाच संपली. मी बघते, तू घे."

रक्त माझंच द्यायचं होतं. तो माझाच हट्ट होता. सासूबाईंनी आधी मला दोन ग्लास पाणी प्यायला लावलं, मग गरम पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल कोपरावर पाच मिनिटं ठेवला. हात खाली लोंबता ठेव म्हणाल्या. "आता बोटाने चाचपून बघ," त्यांनी टेक्निशियनला सांगितलं, "डोळ्याने नको." तिने चाचपलं आणि तिचा चेहरा उजळला. एकाच हातातून, एकाच सुईने चार नळ्या भरल्या. सासूबाईंनी प्रत्येक नळी उजेडाकडे धरून बघितली आणि काही न बोलता स्टँडमध्ये ठेवली.

मशीन मोजणारच होतं. पण मॅडमनी विचारलं, "तुमच्या वेळी हे हाताने करायचे ना?"

"हो. गरम पाण्यात नळी धरायची, मध्ये मध्ये तिरकी करून बघायची. वाहतं की थांबलं."

"करून दाखवाल?"

त्यांनी हातमोजे मागितले. मग म्हणाल्या, "कुठल्या नळीत औषध आहे ते मला सांगू नका. हिलाही नको," म्हणजे मला. टेक्निशियनने आमच्याकडे पाठ करून दोन लहान नळ्या तयार केल्या. कोमट पाण्याच्या भांड्याजवळ सासूबाई उभ्या राहिल्या. टेक्निशियनने एका नळीत शेवटचं रसायन टाकलं आणि घड्याळ चालू केलं. त्यांनी नळी तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी. मनगट तेवढं हलत होतं. अर्ध्या मिनिटाच्या आसपास त्या म्हणाल्या, "धरलं." नळी आडवी होती आणि आतलं पिवळसर पाणी थिजून चिकटलं होतं.

दुसरी नळी. तिरकी, सरळ. अर्धं मिनिट झालं, पाणी वाहत होतं. माझी नजर त्यांच्या हातावर होती, त्यांची नळीवर. "अजून पाणी आहे," त्या म्हणाल्या. पाऊण मिनिट. "अजून आहे." मिनिट होऊन गेलं. मॅडम खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. मग सासूबाईंचं मनगट थांबलं. "आता एक तंतू दिसला. धरलं."

टेक्निशियन म्हणाली, "दुसरीत होतं."

मशीनचे आकडे आले ते त्यांच्या हातापेक्षा फार वेगळे नव्हते. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. माझंच रक्त औषधाशिवाय आणि औषधासकट, एकाच सकाळचं. या वेळी मला रडू आलं नाही. भूक लागली. आम्ही चौघी कँटीनमध्ये गेलो आणि मॅडमनी सगळ्यांसाठी मिसळ मागवली.

येताना बसमध्ये सासूबाईंनी विचारलं, "हे औषध व्हायला किती वर्षं?"

"झालं तर दहा. न होण्याचीच शक्यता जास्त. आणि झालं तरी झडपवाल्यांना चालेल की नाही, ते कुणालाच माहीत नाही."

"म्हणजे माझ्या कामाचं नाही."

"नाही, आई."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "ठीक आहे. माझं आणि माझ्या गोळीचं जमलंय आता."

पुढे कळलं की आमचा रेणू यकृतात फार लवकर मोडतो. काचेच्या नळीत शूर, शरीरात तासभरही टिकायचा नाही. आता दुसऱ्या एका गटातले लोक त्याचे थोडे थोडे वेगळे भाऊबंद बनवतात आणि मी त्या प्रत्येकाला आधी स्क्रीनवर हलत्या खाचेत बसवून बघते. काही मूळच्यापेक्षा बरे निघालेत. पहिल्या कामाचा शोधनिबंध छापून आला. शेवटी आभारात एका निवृत्त परिचारिकेचा उल्लेख आहे. नाव घालू का विचारलं तर त्या नको म्हणाल्या. छापील प्रत मात्र त्यांनी मागून घेतली आणि कपाटात साड्यांखाली ठेवली. महिन्यातून एका गुरुवारी त्या लॅबमध्ये येतात आणि नव्या मुलींना शीर चाचपायला शिकवतात. मुली त्यांना घाबरतात आणि त्यांची वाटही बघतात.

मागच्या रविवारी आम्ही दोघी डिलाईल रोडला माझ्या वडिलांकडे गेलो होतो. ते आता थकलेत, पण चहा स्वतःच करतात. कपबश्या मांडत त्यांनी मला त्यांच्या मालवणीत विचारलं, "तू थंय नेमका करतंस काय गो? शेजारी इचारतत, माका सांगूक येणा नाय."

मी सुरुवात केली, प्रथिन, खाच, रेणू. त्यांची मान हलत होती, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. सासूबाईंनी मला हाताने थांबवलं आणि स्वतः सांगितलं. रक्तात गाठ कशी होते, ती एकाच ठिकाणी अडवली तर काय होईल, आणि तिथे नेमकं बसेल असं काहीतरी ही मुलगी लाखांतून निवडते. मला जे सांगायला अर्धा तास लागतो ते त्यांनी चहा गाळून होईपर्यंत सांगितलं.

वडिलांनी ऐकून घेतलं. "मगे, औषध गावला काय?"

"अजून नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण शोधतात ते आता नीट शोधतात."

"मगे गावतला," वडील म्हणाले, आणि त्यांनी पहिला कप सासूबाईंसमोर ठेवला.